आरएनएचं सोवळं

"तुझ्या घरी सोवळं पाळतात का?"

बर्मिंगहॅममधल्या त्या प्रयोगशाळेत मी पाऊल टाकलं तेव्हा सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. प्रवास कसा झाला, राहायची सोय झाली का, काही नाही. ऐंशीचं दशक संपत आलेलं, सप्टेंबरचा शेवट, अंगात पुण्याहून आणलेला स्वेटर, ज्याला तिथली थंडी मुळीच जुमानत नव्हती. त्यात हा प्रश्न. सरांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक फोटो होता. निळा कोट, गोल चष्मा. महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या कुणालाही तो कुणाचा हे सांगावं लागत नाही. आणि माझं आडनाव असं, की ते उच्चारलं की ऐकणारा थेट सदाशिव पेठेत जाऊन पोहोचतो. आता याला उत्तर काय द्यायचं?

"काकू पाळायची, सर," मी चाचरत म्हटलं. "आता कुणी नाही पाळत. आम्ही ते मानत नाही."

"अरेरे," सर म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. "मग तुला पहिल्यापासून शिकवावं लागणार. इथे पाळतात."

आणि त्यांनी मला हाताला धरून नव्हे, बाहीला धरून त्या टेबलापाशी नेलं. लांबलचक पांढरं टेबल, त्यावर कडेनं लाल चिकटपट्टी. पट्टीच्या आत बाटल्या, पिपेट, हातमोज्यांचे खोके. "आपण आरएनएवर काम करतो," सर सांगू लागले. "फार नाजूक वस्तू. आणि त्याचा फडशा पाडणारं एक एन्झाइम आहे, ते राहतं माणसाच्या बोटांवर. घामात, थुंकीत, केसांत. उकळलं तरी मरत नाही हरामखोर. म्हणून इथल्या बाटल्या रात्रभर ओव्हनमध्ये भाजून घ्यायच्या. इथलं पाणी वेगळं, पिपेट वेगळे, मीठसुद्धा वेगळं. मोजे घातल्याशिवाय शिवायचं नाही. टेबलावर वाकून बोलायचं नाही. समजलं?"

"हो सर. काकूचं अगदी असंच असायचं."

"असंच नाही." सरांनी बोट वर केलं. "तुझ्या काकूच्या सोवळ्यात ठरावीक लोकांचा विटाळ व्हायचा. मी दारात आलो असतो तर माझा झाला असता. इथे सगळ्यांचा होतो. तुझा होतो, माझा होतो, मार्गारेटचा होतो. उद्या राणी आली भेटायला, तर तिचासुद्धा होईल. असलं सोवळं आपल्याला मंजूर आहे."

मग ते इतक्या मोठ्यानं हसले, की कोपऱ्यात काम करणाऱ्या मार्गारेटनं मान वर करून विचारलं, "ऑल राइट, बॅब?" मार्गारेट आमची टेक्निशियन. जन्म बर्मिंगहॅमचा, सारी हयात तिथेच गेलेली, आणि लहानथोर सगळ्यांना ती 'बॅब', म्हणजे तिकडच्या बोलीत 'बाळ', म्हणायची. सरांकडून तिनं तो एक मराठी शब्द उचलला होता. "डोन्ट टच दॅट, इट्स सोव्हला," असं ती नव्या मुलांना खडसावायची. ओव्हनवर सरांनी देवनागरीत 'सोवळं' अशी चिठ्ठी डकवली होती. एकदा एडिनबराहून आलेल्या एका पाहुण्यानं ती पाहून विचारलं, की हा ओव्हन कोणत्या कंपनीचा, आमच्याकडेही मागवायचा आहे. सरांनी अत्यंत गंभीरपणे सांगितलं, "ती कंपनी बंद व्हायला आली आहे. उशीर केलात."

घरी मात्र सरांचं सगळं ओवळंच होतं. त्यांच्या मिसेस हॉस्पिटलात नर्स होत्या. त्या सांगायच्या, "अहो, हा माणूस चहाचा कप विसळत नाही. कालच्याच कपात आजचा चहा ओततो. आणि तिकडे म्हणे बाटल्या भाजतो." सर त्यावर म्हणत, "चहात आरएनए नसतं." संपला विषय.

दिसायला म्हणाल तर सर ठेंगणे, कपाळ मोठं, आणि त्या कपाळावर एक चष्मा, नाकावर दुसरा. सायकलवरून येत, म्हणून पँट मोज्यांत खोचलेली, ती दिवसभर तशीच. त्या अवतारात लेक्चरही देत. मुलं हसायची. पण लेक्चर सुरू झालं की हसणं थांबायचं, कारण सर शिकवत नसत, बातमी सांगत असत. पेशीत काय चाललंय हे त्यांना आत्ता, येताना रस्त्यात कळलं आहे आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही, असा सगळा नूर.

आणि आनंद झाला की सर खायचे. स्वतःचं नाही, जे हाताशी असेल ते. कुणी येऊन म्हणालं, "सर, निकाल छान आला," की सर ताडकन उठत, टेबलाभोवती फेऱ्या मारू लागत, आणि फेरी मारता मारता कुणाच्या तरी डब्यातलं सँडविच त्यांच्या तोंडात गेलेलं असे. त्यांना पत्ताही नसे. मार्गारेटनं तर अनुभवानं ठरवूनच टाकलं होतं. प्रयोगाचा निकाल यायचा असेल त्या दिवशी ती दोन डबे आणायची.

त्यांचं दुसरं वेड होतं टेपचं. कॅसेट नव्हे. कुठल्याशा शाळेनं टाकून दिलेला मोठ्या चाकांचा जुना टेपरेकॉर्डर त्यांनी दुरुस्त केला होता. मराठी मंडळाचा प्रत्येक कार्यक्रम ते त्यावर रेकॉर्ड करत. मग सवडीनं ब्लेडनं टेप कापायची, नको तो भाग काढायचा, उरलेली टोकं चिकटपट्टीनं जोडायची. गाण्याच्या मधल्या टाळ्या गेल्या, खोकले गेले, 'हॅलो, माइक टेस्टिंग' गेलं. इथवर ठीक होतं. पण सर भाषणांनाही हात लावत.

माझ्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तो टेपरेकॉर्डर उचलून लॅबमध्ये आणला, मला समोर बसवलं आणि मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण लावलं. अध्यक्ष तावातावानं म्हणत होते, "मी मंडळासाठी काही केलं नाही, असं म्हणणाऱ्यांना मी आज सर्वांसमक्ष विचारतो, हा हॉल कुणी मिळवला?"

"ऐकलंस? आता हे ऐक." सरांनी दुसरं चाक चढवलं. तोच आवाज, तोच तावातावाचा सूर. "मी मंडळासाठी काही केलं नाही. हा हॉल कुणी मिळवला?"

मी हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी राहिले. सर मात्र हसत नव्हते. ते पुढे वाकले होते आणि त्यांचे डोळे चमकत होते.

"मी पदरचा एक शब्द घातला नाही," ते म्हणाले. "फक्त मधला तुकडा गाळला. टेप तीच, माणूस तोच. भाषण बदललं की नाही?"

"उलटंच झालं, सर."

"पेशी हेच करते. बघ, तुझ्या हृदयाच्या पेशीत जे जीन्स, तेच मेंदूच्या पेशीत, तेच पायाच्या अंगठ्यात. मग हृदय हृदयाचं प्रोटीन कसं करतं आणि मेंदू मेंदूचं? एक तर, सगळे जीन्स सगळीकडे चालू नसतात. ते तुला पुण्यात शिकवलं असेल. पण जीन चालू झाल्यावरसुद्धा गंमत संपत नाही. पेशी त्या जीनची आरएनएमध्ये नक्कल काढते. मग ती नक्कल कापते. काही तुकडे काढून टाकते, उरलेले जोडते, आणि त्या जोडलेल्या नकलेवरून प्रोटीन बनवते. आता स्नायूनं जो तुकडा ठेवला, तोच मेंदूनं गाळला तर?"

"तर जीन एक आणि प्रोटीन दोन."

"दोन कशाला, चार कर, दहा कर. तेवढ्याच टेपमध्ये." सर उठून फेऱ्या मारू लागले होते. "आणि खरा प्रश्न पुढेच आहे, पुणेकर. ब्लेड कुणाच्या हातात आहे? मेंदूच्या पेशीला कोण सांगतं, की हा तुकडा गाळ म्हणून? ते शोधायला तुला इथे बोलावलं आहे."

त्या दिवसापासून त्यांनी मला 'पुणेकर' म्हणायला सुरुवात केली, आणि त्या दिवशी माझा डबाही गेला. मला त्याचं काही वाटलं नाही. मी एम.एस्सी. होईपर्यंत ढीगभर पाठांतर केलं होतं, पण एखाद्या पेशीनं काय गाळलं म्हणून मला घाम फुटू शकतो हे तोवर ठाऊक नव्हतं.

पुढे कधीतरी मंडळाच्या दिवाळीत सरांनी हीच गोष्ट सगळ्यांना सांगितली. अध्यक्षांचं उदाहरण वगळून. एक जुने डॉक्टर भारावून म्हणाले, "म्हणजे सर, माणूस जन्मानं काय घेऊन आला यावर सगळं ठरत नाही, हे आता सायन्सनं प्रूव्ह केलं म्हणायचं."

सर चकलीचा तुकडा मोडत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तेवढ्यासाठी उंदरांचा जीव घ्यायची गरज नव्हती."

नव्या विद्यार्थ्याला सर एकदा लंडनला नेत. म्युझियम नाही, राजवाडा नाही. ट्रेननं यूस्टन, तिथून कॅमडेन, आणि किंग हेन्रीज रोडवरच्या एका घरासमोरच्या फुटपाथवर उभं राहायचं. तेव्हा ते कुणाचं तरी साधं राहतं घर होतं. आत जायचा प्रश्नच नव्हता. आम्ही समोर उभ्यानं मेथीचे पराठे खाल्ले. पडद्याआडून एक बाई आमच्याकडे संशयानं पाहत होती.

"फोटोतले ते इथे राहून शिकत होते," सर म्हणाले. "माझ्या वडिलांना गावच्या विहिरीला हात लावू देत नसत. पाणी वरून ओंजळीत ओतायचे. ते वडील मला म्हणायचे, तू शिकायला तिकडे जा, जिकडे ते गेले होते. म्हणून आलो." एवढंच. आवाज चढवणं नाही, कढ नाही. मग सरांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. "हे पेपर ट्रेनमध्ये वाच. रग्बी स्टेशन आलं की मी प्रश्न विचारायला सुरुवात करणार." आणि केली.

आता खंडेनवमीची गोष्ट सांगायला हवी, कारण ती मंडळात सरांनीच इतक्यांदा सांगितली आहे, की माझी आवृत्तीही कुठेतरी असायला हवी. मी येऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. नवरात्र चालू. आमच्या घरी खंडेनवमीला वडील कंपास, टाइपरायटर, आई शिवणयंत्र, अशी ज्याची त्याची हत्यारं पुजायची पद्धत. मला घरची इतकी आठवण येत होती, की मी सकाळी सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये गेले, आणि माझी आता हत्यारं कोणती, तर पिपेट, सेंट्रिफ्यूज, ओव्हन. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, कोपऱ्यावरच्या दुकानातली पिवळी शेवंती ठेवली. हात जोडले. डोळे मिटले. डोळे उघडले तर सर दारात.

त्यांनी त्या पिपेटकडे पाहिलं.

"कुंकू कोणत्या बोटानं लावलंस?"

"अनामिकेनं, सर."

"मोजा होता?"

"सर, मोजा घालून पूजा कशी करायची?"

सरांनी मार्गारेटला बोलावलं. त्या दोघांनी मिळून एकूण एक बाटली रिकामी केली, एकूण एक पिपेट सुटा करून धुतला, ओव्हन पेटला तो आठवडाभर थंड झाला नाही. तेवढे दिवस लॅबमध्ये कुणाचंच काम झालं नाही. मला वाटलं, आता परतीचं तिकीट. पण पुढच्या वर्षी त्याच दिवशी सकाळी माझ्या टेबलावर शेवंतीची फुलं होती, शेजारी मोज्यांचा कोरा खोका, आणि सर म्हणत होते, "कर पूजा. मुहूर्त टळेल." मी मोजे घालून पिपेटला कुंकू लावलं. मार्गारेटनंही मोजे घालून अक्षता टाकल्या. आता माझ्या हाताखाली मुलं काम करतात आणि दर वर्षी ती अशीच पूजा करतात. त्यातल्या बहुतेकांना वाटतं की ही मूळचीच पद्धत आहे.

त्या दुसऱ्या वर्षातच ती रेघ आली.

मी उंदराचा स्नायू आणि उंदराचा मेंदू घेऊन एकाच जीनचा मेसेज, म्हणजे ती कापून जोडलेली नक्कल, दोन्हीकडे कसा दिसतो ते पाहत होते. आरएनए जेलमधून, म्हणजे खळीसारख्या एका थरातून, चालवायचं, लांब तुकडे मागे राहतात, आखूड पुढे सरकतात. मग ते एका पापुद्र्यावर उतरवायचं, आपल्याला हवा तो मेसेज किरणोत्सारी खूण लावून शोधायचा, आणि एक्स-रे फिल्मवर छाप घ्यायचा. जिथे मेसेज, तिथे काळी रेघ. त्या दिवशी फिल्म धुवून मी दिव्यासमोर धरली. स्नायूची रेघ वर होती. मेंदूची बरीच खाली. म्हणजे आखूड. म्हणजे मेंदूनं तुकडा गाळला होता.

मी धावत सरांकडे गेले. सरांनी फिल्म पाहिली. सरळ पाहिली, उलटी पाहिली. मार्गारेटचे दोन्ही डबे संपवले. जिना उतरून खाली गेले, परत वर आले.

"परत कर," ते म्हणाले.

आनंदाला सरांचं हे एकच उत्तर होतं. मी परत केलं. नवे उंदीर, नव्या बाटल्या. तीच रेघ. परत केलं. तीच. सर रोज सकाळी माझ्या आधी येऊन बसू लागले. मला रात्री झोपेत रेघा दिसू लागल्या. त्या काळात मी जितकी आनंदात होते तितकी नंतर फार थोड्या वेळा झाले.

पण दुसऱ्या वर्षाअखेर तिथे समितीसमोर उभं राहावं लागे. समितीला काम पटलं तर पीएचडी पुढे चालू. नाही पटलं, तर एक लहानशी डिग्री हातावर ठेवून तुम्हाला घरी पाठवत. माझ्याजवळ दाखवायला एकच गोष्ट होती, ती रेघ. आणि समितीचे अध्यक्ष होते आमच्या विभागाचे हेड. उंच, शांत, बोटात घराण्याची अंगठी घालणारे इंग्रज गृहस्थ. उमेदीच्या काळात त्यांनी प्रोटीनवर उत्तम काम केलं होतं. आरएनएला त्यांनी कधी हात लावला नव्हता आणि आरएनएवाल्यांवर त्यांचा विश्वास नव्हता.

त्यांनी माझी फिल्म पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "मला यात नवा मेसेज दिसत नाही. मोडलेलं आरएनए दिसतं. मेंदूचे तुमचे नमुने खराब आहेत."

"प्रोफेसर," सर म्हणाले, "मोडलेलं आरएनए रेघ काढत नाही. धुरासारखं खालपर्यंत पसरतं. इथे धूर कुठे आहे?"

"इतर लॅबमध्ये तसं होत असेल. तुमच्याकडे कोण कशाला हात लावतं मला ठाऊक नाही." त्यांनी फिल्म टेबलावर ठेवली. "आय अॅम सॉरी. आय सी डर्टी हँड्स."

त्यांना काही माहीत नव्हतं, ते फक्त कामाबद्दल बोलत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी किंग हेन्रीज रोडवर उभी राहून ओंजळीतल्या पाण्याबद्दल ऐकलेलं होतं. मी सरांकडे पाहिलं. आता हा माणूस टेबल उलथणार.

सरांचा चेहरा उजळला होता. अगदी टेप लावताना उजळायचा तसा.

"फार चांगला मुद्दा आहे," ते म्हणाले. "प्रोफेसर, मग तुमचे हात आम्हाला उसने द्या. हा प्रयोग तुम्ही स्वतः करा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही, ही मुलगी कशालाही शिवणार नाही. तुमच्या हातून काय येतं त्यावर निकाल द्या."

मला वाटतं हेडना बऱ्याच वर्षांत कुणी प्रयोग करायला बोलावलं नव्हतं. ते म्हणाले, "बरं."

बाहेर आल्यावर मी सरांवर उखडले. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. "सर, त्यांना या कामाची सवय नाही. त्यांच्या हातून बिघडलं तर? त्यांची मेंदूची रेघ वरच आली तर?"

"बिघडलं तर धूर येईल, ते कळतं. आणि रेघ वर आली, तर तू घरी जाशील आणि मी चुकलो होतो हे मला कळेल."

"इतकं सहज?"

"सहज नाही." सर थांबले. "तुला खोट्या रेघेवर पीएचडी चालेल का?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला चाललं असतं.

हेड आले ते स्वतःचा कडक इस्त्रीचा कोट घालून. सूत्रं मार्गारेटच्या हाती होती. घड्याळ काढा. काढलं. अंगठी काढा. निघेना. मार्गारेटनं त्यांना बेसिनपाशी नेऊन साबण लावून, खसाखसा चोळून ती काढली, तेव्हा हेड लाजलेल्या नवरदेवासारखे दिसत होते. मोजे घाला. आता नाकाला हात लावलात, मोजे बदला. हेड टेबलावर वाकून काहीसं विचारू लागले, तर मार्गारेट म्हणाली, "नॉट ओव्हर द बेंच, बॅब." विभागाच्या प्रमुखाला बॅब. मी दारात उभी राहून ओठ चावत होते.

पण माणूस कसलेला होता. तासाभरात त्यांचे हात लयीत आले. त्यांनी नळ्यांवर स्वतःच्या खुणा केल्या, कोणती नळी स्नायूची आणि कोणती मेंदूची ते फक्त त्यांनाच ठाऊक. दुपारी ते शीळ घालू लागले, मार्गारेटनं तीही बंद करवली.

सर दिलेल्या शब्दाला जागून बाहेर जिन्यात बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला, "झालं का?" विचारत. दारावरच्या पोर्टरनं त्यांना आपलं वेफर्सचं पाकीट देऊन टाकलं. पुढे फिल्मवर छाप उमटेपर्यंतचे दिवस सरांनी कसे काढले ते त्यांच्या मिसेसना विचारावं. त्या म्हणाल्या, "घरात एक टेप धड ठेवली नाही. माझ्या भावाच्या लग्नातली सनईसुद्धा कापली."

अखेर एका दुपारी आम्ही चौघं डार्करूममध्ये शिरलो. लाल दिवा, औषधांचा आंबूस वास, खोली इतकी लहान की मार्गारेटचं कोपर माझ्या बरगडीत. हेडनी स्वतः फिल्म पहिल्या ट्रेमध्ये बुडवली. हलवत राहिले. काही दिसेना. मनात मी बॅगा भरल्या, विमानात बसले, पुण्याला उतरले, काकूला काय सांगायचं तेही ठरवलं. मग फिल्मवर काहीतरी गडद झालंसं वाटलं. हेडनी ती दुसऱ्या ट्रेमध्ये घातली, मग पाण्यात, आणि म्हणाले, "मार्गारेट, दिवा लावा."

त्यांनी निथळती फिल्म उजेडासमोर धरली. एक रेघ वर. शेजारची खाली. पुन्हा एक वर. पुन्हा एक खाली. काठ कापल्यासारख्या स्वच्छ, धुराचा मागमूस नाही.

"पहिली स्नायू," हेड सावकाश म्हणाले. "दुसरी मेंदू. तिसरी स्नायू. चौथी मेंदू."

नळ ठिबकत होता. हेडनी फिल्म जवळ नेली, लांब नेली. मग आपल्या दुसऱ्या हाताकडे, त्या मोज्याकडे पाहिलं.

"वेल," ते म्हणाले. "दीज वेअर माय हँड्स."

सरांनी मान डोलावली. त्यांचा हात खिशात काहीतरी चाचपत होता, बहुधा खायला, पण खिसा रिकामा होता. हेड माझ्याकडे वळले.

"हा आखूड मेसेज मेंदूत काय काम करतो?"

"अजून माहीत नाही," मी म्हटलं.

"मग तुम्ही इथेच राहून शोधलेलं बरं."

इंग्रज माणसासमोर सर माझ्याशी कधी मराठीत बोलत नसत, त्यांना ते असभ्य वाटायचं. त्या दिवशी बोलले. हेडच्या हातातली फिल्म त्यांनी दोन बोटांनी अलगद आपल्याकडे घेतली, माझ्यापासून दूर धरली आणि म्हणाले, "रडायचं तर तिकडे तोंड करून रड, पुणेकर. फिल्म अजून ओली आहे."